एका लिटरमध्ये किती किलोमीटर?

गावात कोणी मोटार घेतली की पेढा हातावर पडण्याआधीच एक प्रश्न विचारला जातो : "ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न तुम्ही हिंगोलीच्या बसस्थानकासमोर ऐकाल, वसमतच्या हळद बाजारात ऐकाल, औंढा नागनाथाच्या देवळाबाहेर लावलेल्या गाड्यांपाशीही ऐकाल. उत्तरे मात्र निरनिराळी मिळतात. एक जण अठरा सांगतो, दुसरा छातीठोकपणे बावीस म्हणतो, आणि तिसऱ्याचा मेहुणा तर अगदी तसल्याच गाडीवर पंचवीस काढत असतो! गाडी एकाच कंपनीची, पेट्रोल एकाच पंपावरचे, रस्ताही तोच. मग हा फरक येतो कोठून?

यांतला एखादा थापा मारत असेल, हे शक्य आहे. पण सगळेच थापा मारत नाहीत. एकच छोटी गाडी दोन चालकांच्या हातांत लिटरमागे पाच-पाच किलोमीटरचा फरक दाखवू शकते. असे का होते हे समजायला शाळेत शिकलेले बल, कार्य आणि ऊर्जा एवढे तीन धडे पुरतात. चला, आपणच हिशेब मांडू.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३ कोटी जूल, म्हणजे ३० मेगाजूल ऊर्जा मिळते. शुद्ध पेट्रोल याहून थोडी जास्त देते. पण आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉलपासून लिटरमागे मिळणारी ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश असते. "हल्ली गाडी पूर्वीइतकी पळत नाही" ही तक्रार अगदीच खोटी नसते ती यामुळे. तरीही ३० मेगाजूल हा आकडा लहान नव्हे. हळदीचे ५० किलोग्रॅमचे एक पोते सरळ वर उचलायचे म्हटले, तर एवढ्या ऊर्जेत ते साठ किलोमीटर उंच जाईल!

एवढी ऊर्जा गाडीला मिळाली असती तर काय बहार झाली असती! पण इंजिन हे मोठे उधळे यंत्र आहे. उष्णतेचा मोठा वाटा धुराड्यातून तापलेल्या वायूंबरोबर निघून जातो, तेवढाच दुसरा वाटा रेडिएटरमधून हवेत जातो, आणि काही इंजिनातल्या भागांच्या घर्षणात संपतो. रोजच्या चालवण्यात चाकांपर्यंत पोचतो तो साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे लिटरमागे ६ मेगाजूल. आपल्याला जे काही वाचवायचे आहे ते या ६ मध्ये, आणि हा पाचवा हिस्सा थोडा वाढवता आला तर त्यात.

आता गाडी पुढे ढकलायला किती बल लागते ते पाहू. उदाहरणासाठी जुनी मारुती ८०० घेऊ. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण खेड्यापाड्यांत ती अजून दिसते. गाडी सुमारे ६५० किलोग्रॅमची, आत दोन माणसे. मिळून ८०० किलोग्रॅम धरू. सपाट डांबरी रस्त्यावर तिला दोन शत्रू असतात. पहिला टायरचा. टायर जमिनीला टेकतो तेथे चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. या सततच्या मळण्यात ऊर्जा खर्च होते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून पाहिलात तर तो गरम लागतो तो त्यामुळे. या शत्रूचे बल सुमारे ९५ न्यूटन असते, आणि वेग वाढला तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

दुसरा शत्रू आहे हवा. ती मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात अडवते. वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो. आपल्या छोट्या गाडीसाठी तो ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ८० न्यूटन, ६० ला ११५, ८० ला २०५ आणि १०० ला ३२५ न्यूटन भरतो. त्यात टायरचे ९५ मिळवा. एकूण बल झाले ५० च्या वेगाला १७५ न्यूटन, ६० ला २१०, ८० ला ३०० आणि १०० ला ४२०.

बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे तुम्हाला ठाऊक आहे. ६ मेगाजूलला या बलांनी भागले की एका लिटरमध्ये किती मीटर जाता येईल ते कळेल. भागून पाहा बरे! ५० च्या वेगाला ३४ किलोमीटर, ६० ला साडेअठ्ठावीस, ८० ला वीस, आणि १०० ला जेमतेम चौदा. प्रत्यक्षात उतार एवढा तीव्र नसतो, कारण जास्त काम पडले की इंजिन थोडे अधिक कार्यक्षमतेने चालते आणि 'पाचवा हिस्सा' जरा मोठा होतो. तरी दिशा हीच.

हिंगोलीहून नांदेडला निघालात आणि रस्ता नव्वद किलोमीटरचा धरला, तर ६० ऐवजी ८० च्या वेगाने गेल्यास साडेबावीस मिनिटे वाचतील. त्यासाठी लिटरभर पेट्रोल जास्त लागेल. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना ही किंमत कोणीही आनंदाने देईल. पण लग्नाला जाऊन मुहूर्त लागेपर्यंत दोन तास मांडवात बसायचे असेल, तर ते लिटर कशासाठी जाळले? १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली तेव्हा अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही नेमके हेच गणित मांडले, आणि १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. आपण तर वापरतो त्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक बाहेरून विकत आणतो.

आतापर्यंत आपण सरळ, मोकळा रस्ता धरला. पण आपल्याकडचा रस्ता तसा कोठे असतो? दर गावाला गतिरोधक, मध्येच म्हशींचा कळप, पुढे उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली. येथे खरा चोर सापडतो, आणि तो म्हणजे ब्रेक.

८०० किलोग्रॅमची गाडी ताशी ६० च्या वेगाने जात असते तेव्हा तिच्यात सुमारे १११ किलोजूल गतिज ऊर्जा साठलेली असते. गतिरोधकापाशी करकचून ब्रेक लावून वेग १५ वर आणला की यातली १०४ किलोजूल ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन गेली. गतिरोधक ओलांडल्यावर तेवढीच ऊर्जा इंजिनाला पुन्हा द्यावी लागते. ६ मेगाजूलला एक लिटर या हिशेबाने हे झाले सुमारे १७ मिलिलिटर, म्हणजे चहाचे साडेतीन चमचे पेट्रोल. एका गतिरोधकाला साडेतीन चमचे! वाटेत असे वीस गतिरोधक लागले तर तिसरा हिस्सा लिटर रस्त्यावर सांडल्यासारखेच झाले.

मग गतिरोधकावरून उडत जायचे काय? मुळीच नाही; ते गावातल्या मुलांच्या जिवासाठी घातलेले असतात. जाणता चालक काय करतो ते पुढच्या खेपेला बारकाईने पाहा. गतिरोधकाची पाटी किंवा गावाची पहिली घरे दिसताच तो ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. गाडी गिअरमध्येच असते, आणि साठलेल्या गतिज ऊर्जेवर दोन-तीनशे मीटर जाता जाता आपोआप मंद होते. ब्रेक लागतो तो शेवटी, नावापुरता. जी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जायची तिनेच गाडीला एवढे अंतर पुढे नेले. तिसऱ्याचा मेहुणा पंचवीस काढतो तो बहुधा असाच.

येथे एक जुनी समजूत खोडून काढली पाहिजे. उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, पेट्रोल वाचते, असे अनेक अनुभवी लोक सांगतात. कार्ब्युरेटरच्या दिवसांत त्यात थोडे तथ्य होते. पण आपल्याकडे सुमारे २००० सालापासून छोट्या गाड्यांतही कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंधन फवारणी आली. अशा गाडीत गिअर पडलेला असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, तर इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते आणि फवारणी पूर्ण बंद होते. पेट्रोलचा खर्च शून्य! न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला चालू ठेवण्यासाठी पेट्रोल प्यावेच लागते. शिवाय उतारावर इंजिनाची ओढ मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. आणि उतारावर इंजिनच बंद करणारे जे महाभाग असतात त्यांच्या गाडीत तर बसूच नका. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली तर ते अडकूनही बसते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत आणि संकरित गाड्यांत हा ब्रेकचा चोर बराचसा पकडला आहे. वेग कमी करताना त्यांची मोटर जनित्रासारखी फिरते आणि गतिज ऊर्जेचा काही भाग पुन्हा बॅटरीत जातो. गर्दीच्या शहरात अशा गाड्या वरचढ ठरतात त्या मुख्यतः याच गुणामुळे.

आता त्या 'पाचव्या हिश्श्या'कडे वळू. तो लहान का असतो? तुमच्या आजोबांनी विहिरीवरची मोट पाहिली असेल, त्यांना विचारा. मोट भरून आली काय किंवा तळाशी घागरभर पाणी घेऊन आली काय, बैलांना धावेवरून पूर्ण खाली जावे लागते आणि पुन्हा मागे सरत वर यावे लागते. अर्ध्या मोटांनी थारोळे भरायचे तर बैल दमतात दुप्पट. इंजिनाचे तसेच आहे. मारुती ८०० चे इंजिन जास्तीत जास्त २७ किलोवॅटच्या आसपास शक्ती देऊ शकते. पण सपाट रस्त्यावर ५० च्या वेगाला तिला लागते अवघी अडीच किलोवॅट. म्हणजे मोट दहावा हिस्साच भरलेली! दट्टे वरखाली पळत असतात, घर्षण पूर्ण होत असते, आणि हवेच्या वाटेतली झडप अर्धवट मिटलेली असल्यामुळे इंजिनाला हवा जणू बारीक नळीतून ओढून घ्यावी लागते. या ओढण्यातही ऊर्जा जाते.

यावर उपाय दोन. एक तर कामापुरतेच लहान इंजिन घ्यावे. टाटांनी २००९ मध्ये बाजारात आणलेल्या नॅनोत दोनच सिलिंडर होते, इंजिन ६२४ घनसेंटिमीटरचे आणि गाडी सुमारे ६०० किलोग्रॅमची. चाचणीत तिने लिटरमागे २३.६ किलोमीटर दिले. ती गाडी बाजारात फार टिकली नाही आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तो विषय वेगळा. दुसरा उपाय आहे त्या गाडीतच करता येतो : वरचा गिअर लवकर टाकावा. वरच्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात. प्रत्येक फेऱ्यात काम जास्त पडते, म्हणजेच मोट जास्त भरून येते. मात्र गाडी गचके देऊ लागली किंवा चढावर इंजिन कुंथू लागले तर मुकाट्याने खालचा गिअर टाकावा.

उभ्या गाडीचे इंजिन तर रिकामीच मोट ओढत असते. छोट्या गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवले तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाते. अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे एखादे फाटक बंद सापडले आणि दहा मिनिटे तसेच घुरघुरत उभे राहिलात, तर शंभर मिलिलिटर गेले. एवढ्यात दोन किलोमीटर जाता आले असते.

वातानुकूलनाचे कोडेही याच हिशेबाने सुटते. त्याचा काँप्रेसर इंजिनाकडून एक-दोन किलोवॅट सहज मागतो. गाडी चालायला अडीच आणि थंड राहायला दोन! मोठ्या गाडीला हे जाणवत नाही, छोटीला चांगलेच जाणवते. मे महिन्यात मराठवाड्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो तेव्हा ते लावूच नका असे म्हणण्याचा दुष्टपणा मी करणार नाही. पण उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी दोन मिनिटे उघडून गरम हवा बाहेर घालवली, तर निदान ती भट्टी थंड करण्याचे काम वाचते. सकाळी गावात हळू फिरताना उघडी काच स्वस्त पडते. ८० च्या वेगाला मात्र उघड्या काचांनी हवेचा रोध वाढतो, तेथे काचा मिटलेल्या बऱ्या.

टायरमधील हवेबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. हवा कमी म्हणजे टायर जास्त चपटा, जास्त मळणे, जास्त ऊर्जा. दाब ठरल्यापेक्षा दहा पौंडांनी कमी झाला तर पेट्रोलचा खर्च दोन-तीन टक्क्यांनी वाढतो, आणि टायर झिजतो तो वेगळाच. दाब सकाळी, टायर थंड असताना तपासावा. बंद टायरमधल्या हवेचे तापमान १० अंशांनी वाढले की दाब एक-दीड पौंडाने आपोआप वाढतो, त्यामुळे भर दुपारी तपासल्यास भुलायला होते. वजनाचेही असेच. गाडीत १०० किलोग्रॅमची भर पडली की टायरचे बल १२ न्यूटनने वाढते. तेच सामान टपावरच्या कॅरिअरवर बांधले तर वजनापेक्षा हवाच जास्त त्रास देते.

मग खरे ॲव्हरेज मोजायचे कसे? पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकी काठोकाठ भरा, ओडोमीटरचा आकडा वहीत लिहा. गाडी वापरा. पुन्हा त्याच पंपावर टाकी तशीच भरा. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर मावले तेवढेच मधल्या अंतरात खर्च झाले. समजा, ओडोमीटर ३६० किलोमीटरनी पुढे गेला आणि टाकीत १८ लिटर मावले, तर उत्तर २०. एका खेपेवर विसंबू नका, चार-पाच वेळा मोजून सरासरी काढा.

आणि जाऊन-येऊन मोजा! नांदेड गोदावरीकाठी आहे, हिंगोलीपेक्षा जवळजवळ शंभर मीटर सखल. ८०० किलोग्रॅमची गाडी शंभर मीटर वर चढवायला ७८४ किलोजूल लागतात, म्हणजे १३० मिलिलिटर पेट्रोल. जाताना ही ऊर्जा पृथ्वी आपल्याला उसनी देते आणि येताना वसूल करते. फक्त जाण्याचा हिशेब करणारा माणूस नांदेडात फुशारकी मारू शकेल. परतीच्या वाटेवर त्याचा आवाज खाली येतो.

कंपन्या जो आकडा सांगतात तो चाचणीतून येतो. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत अशा चाचण्या होतात. गाडी जागच्या जागी रुळांवर चालवली जाते. ११८० सेकंदांचे ठरलेले वेळापत्रक असते : इतका वेळ थांबा, इतका वेग घ्या, पुन्हा थांबा. सर्वाधिक वेग ताशी ९० चा, वातानुकूलन बंद. गंमत म्हणजे तेथे खर्च झालेले पेट्रोल मापाने मोजत नाहीत, तर धुराड्यातून निघालेला वायू पिशव्यांत गोळा करून त्यातला कार्बन मोजतात. पेट्रोलमधला कार्बन कोठे नाहीसा होत नाही. तो धुरात आलाच पाहिजे. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोग्रॅमही भरत नाही, पण ते जळून हवेतला ऑक्सिजन घेते आणि सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार करते. चाचणीतल्या त्या खोलीत ना म्हशी असतात, ना खड्डे, ना मे महिन्याचे ऊन. म्हणून घरी आलेला आकडा त्याहून कमी भरला तर लगेच गाडीला दोष देऊ नये.

मोजता येऊ लागले की फसवणुकीपासूनही बचाव होतो. पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, 'तीस टक्के बचत' देणाऱ्या डब्या बाजारात विकायला येतात. कोणी कोणी तर कपाटातल्या डांबराच्या गोळ्या टाकीत टाकायला सांगतात. पेट्रोल चुंबकाकडे ओढले जात नाही आणि नळीतून जाताना त्याच्यातली ऊर्जाही वाढत नाही. डांबराच्या गोळ्यांनी इंजिनात काजळी साचायची भीती मात्र असते. तरी लोक शपथेवर सांगतात की फरक पडला! ते खोटे बोलत नसतात. पैसे खर्चून डबी बसवल्यावर माणूस काट्याकडे लक्ष देतो, पाय हलका ठेवतो, टायरची हवाही तपासतो. फरक पडतो तो पायामुळे, श्रेय जाते डबीला. खरी परीक्षा घ्यायची तर चालकाला न सांगता कोणीतरी डबी कधी लावावी, कधी काढावी, आणि चार-चार टाक्यांचे आकडे ताडून पाहावेत.

मोटार चालवायला तुम्हाला अजून अवकाश आहे. पण एक प्रयोग सायकलवर आजच करता येईल. शाळेच्या मैदानाजवळ किंवा रहदारी नसलेल्या वाटेवर एखादा बेताचा उतार आणि त्यापुढे सपाट जागा शोधा. सायकलच्या दोन्ही चाकांत हवा टणक भरा. उताराच्या ठरलेल्या खुणेपासून पायडल न मारता, ब्रेक न लावता सायकल सोडा आणि ती जेथे अगदी मंद होईल तेथे खूण करा. असे पाच वेळा करा. मग हवा थोडी काढून, टायर बोटाने दाबला जाईल इतपत ठेवून, त्याच मुलाने त्याच खुणेपासून पुन्हा पाच वेळा करावे. वारा नसेल अशी सकाळची वेळ धरा. दोन्ही अंतरांची सरासरी काढून त्यांचे गुणोत्तर वहीत लिहा. मग वर्गातल्या सगळ्यात जड मुलाला बसवून पाहा, आणि तो जास्त लांब जाईल की कमी, हे सायकल सोडण्यापूर्वीच लिहून ठेवा.